पिवळी काच

भुशाने भरलेल्या ट्रकमागून जाताना गुरांच्या डॉक्टरणीच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं आणि तिची मोटारसायकल थेट चरात उतरली. हातपाय शाबूत राहिले, पण बुबुळावर ओरखडा आला. डोळ्याची पट्टी सुटली त्याच दुपारी नवऱ्याने तिला जवळजवळ ओढतच चष्म्याच्या दुकानात नेलं.

"नुसता मिरवायचा गॉगल नको," तो दुकानदाराला म्हणाला. "वारा शिरायला फट राहता कामा नये."

दुकानदार हौशी होता. "हेल्मेट घालूनच बघा, ताई. नाहीतर काड्या कानशिलात रुततात." कडेने फोम, वाफ धरू नये म्हणून वर बारीक भोकं, आणि काच म्हणायची तरी ते न फुटणारं प्लास्टिक. काळी उन्हासाठी, पांढरी संध्याकाळसाठी, पिवळी धुरकट हवेसाठी. "आता बाहेर गाडीवर बसून बघा. दुकानात काय, सगळंच छान दिसतं."

काळी ठीक होती. पांढरीही. पिवळी लावली तशी समोरची भिंत, विजेच्या तारा, सगळं लख्ख दिसू लागलं. गालापाशी फट राहिली का बघायला तिने मोटारसायकलचा आरसा वळवला.

तिच्या मागे कोणीतरी बसलं होतं. तिच्या पाठीला पाठ लावून. पांढरे केस, शर्टाची मळकी कॉलर, पडलेले खांदे.

तिने गॉगल कपाळावर सरकवला. सीट रिकामी. खाली घेतला. पुन्हा तीच पाठ. हात मागे नेऊन चाचपलं तर हाताला नुसतं रेक्झिन लागलं, पण कोमट. आणि गाडी तर सावलीत उभी होती.

"पांढरी घेते," आत येऊन ती म्हणाली.

"मग पिवळी मला द्या," नवरा म्हणाला. "धूळ काय माझ्या स्कूटरला सोडते?"

"तू नको घेऊस ती."

"का गं?"

दुकानदारासमोर काय सांगणार, कप्पाळ! तोवर नवऱ्याने दोन्हींचे पैसे देऊन पिवळी डोळ्यांवर चढवलीही.

घरी येताना तो स्कूटरवरून तिच्या मागेच होता. प्रत्येक गतिरोधकावर तिच्या गाडीचं मागचं चाक दबत होतं, माणूस बसल्यावर दबतं तसं. तिने आरशाकडे एकदाही पाहिलं नाही.

दारात पोचल्यावर नवरा हेल्मेट न काढताच पायरीवर टेकला.

"मागे कोण होतं तुझ्या?"

"दिसला तुला?"

"अगं, सगळा रस्ता माझ्याकडे तोंड करून बसला होता."

तिने फक्त पाठ पाहिली होती. "कसा आहे?"

"थकलेला. पापणी हलत नव्हती. ओठ तेवढे हलत होते. आधी वाटलं, शिव्या देतोय मला." त्याने गॉगल काढला. "'थांबवा' म्हणत होता. नुसतं 'थांबवा, थांबवा'."

त्याने हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं.

"गाडी विकून टाकू," तो म्हणाला.

"आणि घेणाऱ्याच्या मागे बसवून द्यायचा त्याला? 'थांबवा' म्हणतोय ना, उतरायचं असेल कुठेतरी."

सकाळी तिने पिवळा गॉगल मागून घेतला. पांढरा लावून नवरा स्कूटरवर मागे निघाला. एकटीला सोडायला तो तयारच नव्हता. ती पडली होती त्या रस्त्याला तिने गाडी घातली. बसथांब्यापाशी थांबून मान न वळवता विचारलं, "इथे उतरायचंय?" पाठ हलली नाही. पिठाच्या गिरणीपाशी विचारलं, पुलापाशी विचारलं. दळण घेऊन चाललेली एक बाई तिच्याकडे वळूनवळून बघत गेली. तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी ती विचारत राहिली.

दगडखाणीच्या फाट्यावर तिने ब्रेक लावला. ती तोंड उघडणार तोच मागच्या स्प्रिंगा कुरकुरत वर आल्या.

आरशात कोणी नव्हतं. तिने मान वळवली. म्हातारा खाणीकडच्या उतरणीला लागला होता. एक हात कमरेवर, मागे न बघता, पाय ओढत.

नवऱ्याने स्कूटर शेजारी आणून बंद केली. "उतरला?"

तिने मान डोलावली.

"मग चल ना पटकन! थांबलीस कशाला?"

"नीट जाऊ दे त्यांना. उतार वाईट आहे."

तिनेही इंजिन बंद केलं. नवऱ्याला पांढऱ्या काचेतून उतरणीवर काहीच दिसत नव्हतं. खडीवरच्या पावलांचा आवाज मात्र दोघांनाही येत होता.