लाडाची हाक

ठमी कुत्री काकूंच्या घरात वाढली, पण ती काकूंची नव्हती. कुत्र्यांची पैदास करणाऱ्या बाईंनी ती पिल्लू असताना शिवणकाम करणाऱ्या या काकूंकडे सांभाळायला दिली होती. बोली अशी, की दर बाळंतपणाला ठमीने बाईंकडे जायचं आणि तिसऱ्या वेतानंतर ती कायमची काकूंची.

दोन बाळंतपणं सुखरूप पार पडली. तिसऱ्या वेळी काकांनी तिच्या सामानाची पिशवी बाहेर काढली मात्र, ठमी सोफ्याखाली शिरली. बिस्किटालाही बधेना.

"अगं, तुझ्या शब्दाबाहेर नाही ती. तूच बोलाव," काका म्हणाले.

काकूंनी मशीन थांबवलं आणि रोज जेवायला बोलवत तशीच लाडाने हाक मारली, "ये गं, सोने!" ठमी शेपटी हलवत बाहेर आली. काकांनी लगेच पट्टा अडकवला. तिने एकदाच वळून काकूंकडे पाहिलं.

अडीच महिन्यांनी ती परतली, हक्काची झाली. पोटभर खाते, काकांशी खेळते. काकूंनी बोलावलं की मात्र जागची हलत नाही.

"विसरेल गं," काका समजूत घालतात.

"ओढून काढली असती तर दिवसभर रुसली असती, एवढंच," काकू म्हणतात. "मला मेलीला हाक मारायची कुठली घाई झाली होती!"

हल्ली त्या हाक मारतच नाहीत. हातातलं काम ठेवून, ठमी असेल तिथे जाऊन जमिनीवर बसतात. ती उठून जात नाही, यातच समाधान मानतात.