उरलेल्या पानांचं तिकीट

मी जगप्रदक्षिणेचं विमानाचं तिकीट बोलतोय. पातळ कागदांची लहानशी वही म्हणा हवं तर. एकेका प्रवासाला एकेक पान.

मला विकत घेतलं एका निवृत्त बसड्रायव्हरनं. आयुष्यभर एकाच रस्त्यावर ये-जा केलेला माणूस. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, एकुलती एक लेक सातासमुद्रापार.

“काका, नीट ऐका,” तिकीट कचेरीतली बाई म्हणाली. “पूर्वेला निघालात की पूर्वेलाच जायचं, मागे फिरायचं नाही. वर्षाच्या आत आपल्या देशात परतायचं. मधलं एक पान सोडलंत, तर पुढची सगळी बाद. तारखा मात्र हव्या तेव्हा बदला, फुकट.”

“म्हणजे रिव्हर्स गिअर नाही,” काका हसले. हा विनोद ऐकणारं घरी कुणी नव्हतं, म्हणून असेल, तो त्यांनी मलाच दोनदा ऐकवला.

प्रत्येक विमानतळावर माझं एक पान फाडून घेत. आपलंच अंग असं कमी होताना पाहणं सोपं नसतं. पण काकांच्या छातीशी खिशात होतो, तेवढीच ऊब.

तिसऱ्या मुक्कामी लेकीचं घर आलं. तिथं दोन महिने राहायचं ठरलं होतं. लेक-जावई सकाळीच कामाला जात. “बाबा, जेवण फ्रीजमध्ये आहे हं!” मग दार बंद. काका आपला एकच कप धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. संध्याकाळी लेक दमून यायची आणि समोर बसून जांभया दाबायची.

दहाव्या दिवशी काकांनी गुपचूप तारीख अलीकडे आणली.

“इतक्यात निघालात?” लेकीचा चेहरा उतरला.

“तिकिटाचा नियम आहे गं. काय करणार!”

असा नियम माझ्यात कुठेच नव्हता.

पुढचं शहर महासागरापलीकडे होतं. हॉटेलची खोली, एक खाट, भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची. तिथं लेकीचा फोन आला.

“बाबा, मी विमान कंपनीला विचारलं. तारीख फुकट बदलते म्हणे. मग का गेलात?”

काकांनी खुर्ची भिंतीकडून वळवून घेतली. “तू दमून यायचीस. माझ्यापायी तुला उगाच जागं राहावं लागायचं.”

“मी तुमच्याशी बोलायलाच जागी राहायचे हो, बाबा.”

दुसऱ्या दिवशी काका काउंटरवर उभे राहिले. “मागे जायचंय.”

“या तिकिटावर नाही जमणार, काका. दुसरं काढून गेलात, तर यातली उरलेली सगळी पानं बाद होतील.”

“होऊ देत.”

दोन शब्दांत माझा निकाल लागला. राग आला नाही. त्यांची पावलं इतकी भरभर पडताना मी प्रथमच पाहिली.

आता मी लेकीच्या घरच्या एका खणात आहे. सोबतीला सुटी बटणं आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणाला ठाऊक नसलेल्या किल्ल्या. माझं वर्ष कधीच सरलं. बाहेर बापलेक भाजीत मीठ जास्त झालं की कमी, यावर भांडतात. खण मात्र क्वचितच उघडतो.

तुम्हाला कधी माझ्यासारखं एखादं तिकीट सापडलं, तर खुशाल टाकून द्या. फक्त त्याआधी उरलेल्या पानांवरची शहरांची नावं एकदा मोठ्यानं वाचा. आम्ही ती गावं पाहिलेली नसतात.