तिन्ही दुकानांमधल्या भिंती

समुद्रकाठच्या सेंट-अँब्रोज गावात, धक्क्यावर एका लांबट लाकडी इमारतीत तीन दुकानं होती. एका टोकाला ओडेट कोमोची बेकरी, दुसऱ्या टोकाला आल्सिद थिबोदोचं धुरी दिलेल्या माशांचं दुकान, आणि मधे ओनेझिम म्हाताऱ्याचं शिडं नि पावसाळी कोट शिवायचं दुकान. मधल्या भिंती साध्या फळ्यांच्या. पलीकडे कुणी शिंकलं तरी अलीकडे कळायचं. तरीही ओडेट आणि आल्सिद अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण ऐकाल तर हसाल. आल्सिदनं एकदा गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी कारखान्यातला पाव आणून आपल्या फळीवर ठेवला. ओडेटला ते झोंबलं. शेजारी राहून पोटावर पाय देतो म्हणजे काय, असं म्हणत तिनं लांबच्या गावाहून धुरी दिलेला हेरिंग मासा मागवला आणि पावात घालून विकायला लागली. झालं. लहानपणी शाळेत एका बाकावर बसलेली ही दोघं एकमेकांची सावलीही टाळू लागली. दर शुक्रवारी दोघंही आपापली गाडी काढून हॅलिफॅक्सच्या बाजाराला जात. रस्ता एक, वेळ एक, दोन्ही गाड्या अर्ध्या रिकाम्या. धुकं दाट असलं की मागचा पुढच्याच्या लाल दिव्यांच्या आधारानं गाडी हाकायचा, आणि बाजारात पोचला की तोंड फिरवायचा. असे शेजारी आपल्यापैकी कुणी पाहिले नाहीत?

अबोल्याच्या अकराव्या वर्षी, मार्चमध्ये, ओनेझिम गेला. मंगळवारी दुपारी त्याला दुकानातच पक्षाघाताचा झटका आला, आणि तो सापडला गुरुवारी, त्याची बहीण झेली रस्सा घेऊन आली तेव्हा. सारा गाव हळहळला. ओडेटनं अंत्यविधीला चाळीस पाव फुकट दिले. एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नाही, अगदी पाद्र्यालाही नाही.

ऑगस्टमध्ये खाडीवर धुकं येऊन बसलं ते हलेना. पाच दिवस समोरचा धक्का दिसला नाही. मासेमारीच्या बोटी बांधलेल्या, गिऱ्हाईक तुरळक. सहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ओडेट पिठाची परात पुसत होती, तेव्हा मधल्या भिंतीवर आवाज झाला. ठक, ठक, ठक. खालच्या बाजूला, जमिनीलगत.

तिचे हात थांबले. मधलं दुकान मार्चपासून कुलूपबंद होतं.

उंदीर असेल, फळी फुगली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच आवाज. तिसऱ्या दिवशी पोस्टातली बाई पाव घ्यायला आली होती. तिनं कान टवकारले आणि सहज विचारलं, मधलं दुकान पुन्हा सुरू झालं वाटतं? ओडेटच्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणजे हे आपल्या मनाचे खेळ नव्हते.

तिनं कुणाला न सांगितलेली गोष्ट हीच होती. त्या मार्चमधल्या मंगळवारीसुद्धा तिनं असंच ठकठक ऐकलं होतं. म्हातारा कोटाच्या कड्या ठोकत असेल, असं समजून तिनं भट्टीचं दार लावलं होतं. बुधवारीही ऐकलं होतं. तेव्हा ते अगदी हळू होतं.

चौथ्या दिवशी आवाज झाला तशी ती एप्रन न काढताच बाहेर पडली. धुक्यातून चाचपडत, मधल्या दुकानाच्या काळ्या काचेकडे न बघता, ती आल्सिदच्या दारात जाऊन उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

आल्सिद ओल्या लाकडांपाशी बसला होता. तिला पाहून तो दचकला नाही. उलट सुटल्यासारखा दिसला.

"तूच ठोकतेस ना गं?" त्यानं विचारलं. "चार दिवस झाले. मला छळायला दुसरं काही सुचलं नाही वाटतं."

"मी? अरे, मला वाटलं तू."

धुरीच्या चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला, तेवढ्यानंही ओडेट दचकली.

"तेव्हाही ऐकलं होतंस?" तिनं हळूच विचारलं.

आल्सिदनं हातातलं लाकूड चुलीत सारलं. मग म्हणाला, "रेडिओ मोठा केला होता मी."

मधल्या दुकानाची किल्ली झेलीकडे होती. ऐंशी पार केलेली ही बाई चर्चच्या वरच्या अंगाला एकटी राहायची, आणि सगळा गाव तिला मावशी म्हणायचा. दोघं एका गाडीतून तिच्याकडे गेली. त्यांना शेजारीशेजारी बसलेलं पाहून ती म्हणाली, "आता जग बुडायला हरकत नाही." पण त्यांचं बोलणं ऐकल्यावर तिनं शाल घेतली, किल्ली घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाली.

मधल्या दुकानात कोंदट गारवा होता. छतापासून अर्धवट शिवलेलं शीड लोंबत होतं, आणि दारातून आलेल्या वाऱ्यानं ते कुणी मागून ढकलावं तसं पुढे आलं. आल्सिदनं विजेरी लावली. उंदराची लेंडी नाही, सुटलेली फळी नाही. धूळ सगळीकडे सारखी पसरलेली, तिच्यावर पावलाचा ठसा नाही.

मग ओडेटला ते दिसलं. तिच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाकडात बोथट खळगे पडले होते. एकावर एक, कितीतरी. म्हाताऱ्याची कड्या ठोकायची लाकडी मोगरी खालीच पडली होती. समोर आल्सिदच्या भिंतीवरही तसेच खळगे होते. आणि दोन्ही भिंतींच्या मधे, धुळीखालच्या फळ्यांवर, घासल्याची रुंद खूण होती, अंग ओढत नेल्यासारखी. अर्धं अंग लुळं पडलेला माणूस एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरपटत गेला होता.

तेवढ्यात आवाज झाला. ठक, ठक, ठक.

आता तो बेकरीच्या बाजूनं आला. बेकरीत कुणी नव्हतं. झेलीकडे निघण्याआधी दाराला ओडेटनं स्वतः कुलूप लावलं होतं.

ओडेटनं आल्सिदचा दंड घट्ट धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही. झेली तेवढी स्थिर उभी होती.

"मावशी, हे काय आहे?" आल्सिदनं विचारलं.

"मला काय ठाऊक? भूत असेल, नाहीतर लाकूड असेल." झेली बाकावर बसली. "माझा भाऊ झटक्यानं गेला, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण दोन दिवस तो इथं पडून राहिला, ते तुमच्या भांडणामुळे. शेजारचा आवाज कानावर आला की तुम्हाला एकच वाटायचं, हा माझ्या वाईटावर आहे. माणूस मरतोय हे मनात येईलच कसं?"

ओडेट रडू लागली. झेलीनं तिला रडू दिलं, मग विचारलं, "तुझी भट्टी दुपारी विझते ना? मग तिची ऊब कुठं जाते?"

"वाया जाते."

"आणि हा पलीकडे ओली लाकडं फुंकत बसतो, मासे सुकत नाहीत म्हणून. एका बाजाराला दोन अर्ध्या गाड्या नेता. गावाबाहेरचं मोठं दुकान तुम्हा दोघांचं गिऱ्हाईक ओढून नेतंय, आणि तुम्ही लढता कुणाशी? मधल्या फळीशी! हे दुकान घ्या तुम्ही. भाडं नको मला. मात्र दोघांनी मिळून घ्यायचं. एकट्याला देणार नाही."

आल्सिद चाचरत म्हणाला की लगेच कसं जमेल, सवय नाही. झेली म्हणाली, सवय मेल्यावर लागत नाही, जिवंतपणीच लावून घ्यावी लागते.

लगेच नाहीच जमलं. पहिल्या महिन्यात ती दोघं सात वेळा भांडली. एकदा तर आल्सिदनं तिच्या पावाला जोड्याचा तळ म्हटलं, आणि तो शुक्रवार पुन्हा दोन गाड्यांनी गेला. पण पुढच्या शुक्रवारी एकच गाडी गेली. कारखान्याचा पाव आणि परगावचा हेरिंग दोन्ही बंद झाले. दोन्ही भिंतींत दारं पाडली. ओडेटच्या भट्टीच्या उबेवर आल्सिदचे मासे सुकू लागले, तिच्या शिळ्या पावाच्या चुऱ्यात घोळून त्याच्या माशांच्या वड्या झाल्या, आणि मधल्या दुकानात चार टेबलं लागली. दिवाळखोरीच्या गोष्टी करणारी ही दोघं हिवाळ्यातही दुकान उघडं ठेवू लागली.

तो आवाज कशाचा होता ते कळलं नाही. भिंत फोडली तेव्हा आत काही सापडलं नाही. धुक्याच्या दिवसांत तो अजून कधीतरी येतो, म्हणतात. आला की ओडेट हातातलं काम टाकून पलीकडे जाते.

वसंतात तिच्या कानावर आलं की टेकडीवर मधमाश्या पाळणाऱ्या ल्युसील सोनियेनं घरावर विक्रीची पाटी लावली आहे. त्यांच्यात भांडण नव्हतं, पण ओळखही नव्हती. पूर्वीची ओडेट म्हणाली असती, आपल्याला काय त्याचं. या वेळी ती पावांची टोपली घेऊन टेकडी चढली. दारात पोचल्यावर तिचा हात वर होईना. लाज वाटली, वाटलं ही बाई हाकलून देईल. दोन मिनिटं ती तशीच उभी राहिली.

मग तिनं दार वाजवलं, आणि ल्युसीलनं उघडल्यावर म्हणाली, "तुमचा मध किती उरलाय? आमच्याकडे टेबलं आहेत."

बंधूंनो, भगिनींनो, छोट्या माणसाचा धंदा मोठ्यांच्या जोरानं जितका बुडत नाही, तितका शेजाऱ्याच्या अबोल्यानं बुडतो. आपल्या भिंतीपलीकडे कोण आहे, त्याच्याकडे काय उरतं आणि त्याला काय कमी पडतं, हे जाऊन विचारा. त्याच्या हाकेची वाट पाहत बसू नका. हाक मारायची ताकद प्रत्येकात शेवटपर्यंत उरतेच असं नाही.