रिकाम्या पारड्यात चाळीस ग्रॅम

“आधी खिडकी उघडा, मग मी आत येते,” काटेबाई दारातूनच म्हणाल्या.

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी घड्याळाकडे. मागे उभ्या असलेल्या लेकीने आईचं कोपर हळूच दाबलं, म्हणजे आजचा दिवस तरी जमवून घे. पण बाई उंबऱ्याच्या अलीकडेच उभ्या, नाकावर सुती रुमाल, काखेत पिशवी. शेवटी साहेब स्वतः उठले. खिडकी आपल्या हाताने उघडायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी, कारण कडी कुठल्या बाजूला फिरते तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापांच्या कचेरीत सव्वीस वर्षं त्या दुकानदारांचे काटे तपासत होत्या, म्हणून ते पडलं आणि चिकटलं. पारड्यात प्रमाण वजन ठेवायचं, काटा काय दाखवतो ते वहीत लिहायचं, बरोबर असेल तर शिक्केवाल्याकडे सरकवायचा. वहीचा नियम एकच. आकडा दिसला की लिहायचा. पटला नाही म्हणून खोडायचा नाही. चुकलाच तर एक रेघ मारून शेजारी सही करायची, आणि रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. या नियमापायी बाईंनी दोन साहेबांशी वैर घेतलं होतं, आणि त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नव्हतं.

आता ही तपासणी कशाची, ते सांगायला हवं. बाईंचा नवरा नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होता. सकाळी त्याला पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, मग कचेरी. दुपारच्या सुट्टीत धावत घरी, पुन्हा धावत कचेरी. या नऊ वर्षांत बाईंना साधी सर्दी झाली नाही. आजारी पडायला सवड कुठे होती? मग तो गेला. सगळे म्हणाले, आता जरा स्वतःकडे बघा. बाईंनी बघायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच महिन्यात फरशी पुसायच्या औषधाच्या वासाने भोवळ येऊन त्या कचेरीच्या जिन्यात मटकन खाली बसल्या.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. दूध पचेना. टोमॅटोने ओठ सुजू लागले. ताजा रंग, नवं प्लॅस्टिक, शिक्केवाल्याच्या केसांचं तेल, कशानेही घसा आवळायचा आणि हात थरथरायचे. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, पोटात नळी घालून पाहिलं. सगळं उत्तम. ज्याला त्याला वाटायचं की आता बाईंनी आनंदाने उड्या माराव्यात.

नणंद म्हणाली, “वहिनी, मनावर घेऊ नका हो.” शेजारीण म्हणाली, नवरा गेल्यावर कुणी विचारत नाही ना, म्हणून होतं असं. लेक काही म्हणाली नाही. तिने मुकाट्याने घरातला वासाचा साबण बंद केला, अत्तराची बाटली मैत्रिणीला देऊन टाकली. पण साबण बदलताना तिचा चेहरा कसा असायचा, ते बाईंना दिसत होतं.

आणि आता बाई जिथे बसत त्या कचेरीतल्या प्रयोगशाळेला नवा रंग लागणार होता. खिडक्या कायमच्या बंद करून थंड हवेचं यंत्र बसणार होतं. बाईंनी लेखी दिलं: त्या खोलीत मला बसवणार नाही, जागा दुसरी द्या, काम मात्र हेच द्या. साहेबांनी उलट लिहिलं: वैद्यकीय तपासणी करून घ्या. तक्रार खरी ठरली तर विचार करू, नाहीतर नव्या खोलीत बसा किंवा घरी बसा. घर म्हणजे तीच खोली, तोच रिकामा पलंग. काम हातचं गेलं तर आपण वर्षभरही तग धरणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

“बसा,” डॉक्टर म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी बाईंच्या बोटाला नाडी मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं.

“त्यावरचा आकडा मला दिसू दे,” बाई म्हणाल्या.

आकडा होता चौऱ्याऐंशी.

डॉक्टरांनी बॅगेतून निळी बाटली काढली. जिन्यात ज्याने भोवळ आली तेच औषध, बाटलीवर तीच चिठ्ठी. “दोनच थेंब टाकतो फडक्यावर. वास कमी केलेला आहे. नाही सोसलं तर हात वर करा.”

फडकं जवळ आलं. वास आला की नाही, ते बाईंना नंतर कितीही आठवलं तरी सांगता येईना. घसा मात्र आवळला. जीभ बधिर झाली, मानेवर लाल चट्टे उठले, बोटं थरथरायला लागली. बाईंनी हात वर केला तेव्हा यंत्रावर एकशे सव्वीस होते.

डॉक्टरांनी शांतपणे निळी बाटली पेल्यात ओतली आणि घटाघटा पिऊन टाकली.

“पाणी आहे बाई. रंग घातलेलं पाणी.”

साहेब हसले. मोठ्याने नाही, पण हसले. लेकीने मान खाली घातली. ती मान बाईंना दिसली. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. खरंच की काय, त्यांच्या मनात आलं, खरंच आपण दीड वर्ष नाटक करतोय आणि आपल्यालाच पत्ता नाही? बोटं अजून थरथरत होती. बाई त्या बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी यंत्राकडे पाहिलं. एकशे एकोणीस.

“लिहा,” त्या म्हणाल्या.

“काय लिहू?”

“आधी चौऱ्याऐंशी, मग एकशे सव्वीस. आत्ता एकशे एकोणीस.”

“अहो पण ते पाणी होतं.”

“तेही लिहा. पाणी होतं, मला औषध सांगितलं. सगळंच लिहा.”

“बाई, औषधाने तुम्हाला काही होत नाही एवढंच यातून दिसतं.”

“ते कसं दिसेल? औषध तुम्ही आणलंच नाहीत.”

साहेब मध्ये पडले. “म्हणजे हे सगळं तुमच्या मनाचं आहे, असं डॉक्टरांना म्हणायचंय.”

“असेल की. मन माझंच आहे ना, साहेब? का तेही कचेरीच्या मालकीचं?” बाईंचा आवाज चढला नव्हता, पण शिपाई दारात येऊन उभा राहिला होता. “तुमच्या जावक विभागाचा स्प्रिंगकाटा माझ्या टेबलावर पडलाय. त्याच्यावर कुणीतरी वर्षानुवर्षं टंकलेखनाचं यंत्र ठेवलं होतं. आता रिकाम्या पारड्यातही तो चाळीस ग्रॅम दाखवतो. तुम्ही त्याला चिठ्ठी लावलीत, ‘खोटा, भंगारात काढा.’ साहेब, तो खोटं बोलत नाही. त्याच्यावर काय ठेवलं होतं, ते कुणी विचारलं नाही, एवढंच.”

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. बाईंची नजर सव्वीस वर्षं बारीक रेघा वाचलेली. उलटा कागदही त्यांना वाचता येत होता. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं होतं, ‘तक्रार निराधार.’ शाई वाळलेली होती.

“हे आपण घरूनच लिहून आणलंत,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी बॅगेत खोडरबर शोधलं, पांढरी शाई शोधली.

“तसं नाही करायचं. एक रेघ मारा. शेजारी सही करा. खालचं वाचता आलं पाहिजे.”

आणि त्या माणसाने रेघ मारली, सही केली, आकडे लिहिले. मग बराच वेळ पेन हातात धरून तो थांबला, आणि रकान्यात त्याने लिहिलं, ‘कारण सांगता येत नाही. त्रास होतो.’ बाईंनी दोनदा वाचलं आणि खाली सही ठोकली.

जिना उतरताना लेक म्हणाली, “आई, मला वाटायचं की तू…”

“माहीत आहे काय वाटायचं ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? विश्वास नसताना तू दीड वर्ष बिनवासाच्या साबणाने अंघोळ केलीस. विश्वास ठेवून कुणी काय केलं सांग बरं?” लेकीला रडू फुटलं. बाईंनी तिला नाकावरचा रुमाल दिला आणि दोघी एकेक पायरी उतरल्या.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. अंगणापलीकडच्या जुन्या गुदामात बसून काम करावे, तूर्त सहा महिने. प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला नाजूक काटा मात्र मिळणार नव्हता, तो यंत्राच्या थंड हवेत राहणार होता. तो काटा हाताळायला बाईंना पहिली सात वर्षं कुणी परवानगी दिली नव्हती, आणि नंतरची एकोणीस वर्षं दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागला नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांनी काच पुसली, पेटीला कुलूप लावलं, किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि मागे न बघता निघाल्या. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं.

गुदाम म्हणजे बिनरंगाच्या चार भिंती, सिमेंटची जमीन आणि समोरासमोर दोन खिडक्या. पहिल्या सकाळी शिक्केवाला हातात पाच-सहा काटे घेऊन दाराबाहेरच थबकला.

“येऊ का आत, काटेबाई?”

“तेल?”

“नाही लावलं. बायको विचारते, कुणासाठी एवढा त्याग.”

“सांगा तिला, म्हातारीसाठी. या.”

जावकचा स्प्रिंगकाटा आधीच टेबलावर होता. बाईंनी साहेबांची चिठ्ठी पुढ्यात घेतली, ‘खोटा’ या शब्दावर एकच रेघ मारली, शेजारी सही केली. खाली लिहिलं: रिकामा असता चाळीस ग्रॅम. वजा करून वाचावे. वर जड वस्तू ठेवू नये.

“शिक्का मारू याला?”

“याला शिक्का नाही मिळायचा. पण कामाला येतो. देऊन या त्यांना.”

त्याने काटा उचलून दाराशी ठेवला आणि दुसरा पारड्यासकट पुढे सरकवला. वाऱ्याने पारडं हलत होतं. बाई उठल्या. त्यांनी एक खिडकी लावली, दुसरी लावली, श्वास रोखला, वजन ठेवलं, पारडं थांबेपर्यंत थांबल्या. आकडा वाचला, वहीत लिहिला. मग दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि पोटभर श्वास घेतला.

“हं,” त्या म्हणाल्या, “पुढचा द्या.”