नव्या ज्वारीचा पहिला घास

चतुराबाईने सहावी भाकर ताटातून उचलली, चुलीच्या उजेडात दोन्ही बाजूंनी निरखली आणि दुरडीत आपटली.

"तीन दिवस झाले बाई. वरण खातात, भाजी खातात, अन् भाकरीले हात लावत नाहीत. माह्या हाताची चव गेली का आता?"

ललिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चतुराबाईच्या हाताची चव गेलेली नव्हती, हे ती स्वतः दोन भाकरी खाऊन सांगू शकत होती. पण सोनाय, फुलाय आणि बाकीच्या चौघी हात धुऊन, खाली माना घालून आत निघून गेल्या होत्या.

राजापेठेतल्या या भाड्याच्या घरात मेळघाटातल्या सहा कोरकू मुलींचं वसतिगृह सुरू होऊन सात महिने झाले होते आणि ललिता तिथली अधीक्षिका होती. मुली शाळेत जात, पाट्या भरून अक्षरं गिरवत, पण बाहेरच्या माणसासमोर तोंड म्हणून उघडत नसत. समाजकल्याण खात्याचे महादेवराव दिवाळीनंतर येऊन गेले, तेव्हा त्यांनी सहाही जणींना नावं विचारली होती आणि एकीनेही सांगितलं नव्हतं. जानेवारीत पुन्हा येईन, ते म्हणाले होते, तोवर एक तरी मुलगी मराठीत बोलली पाहिजे; नाहीतर पोरींना त्यांच्या गावी पोचवू आणि घर मोकळं करू. माणूस वाईट नव्हता, उतावळा होता. आता शनिवारी ते येणार होते आणि आज बुधवार होता.

ललितानेही मग उतावळेपणाच केला होता. घरात कोरकू बोलायचं नाही, असा नियम तिने लावला. सोमवारी जेवताना सोनाय फुलायच्या कानाशी काही पुटपुटली, तेव्हा ललिताने सगळ्यांदेखत तिची कानउघाडणी केली. नेमक्या त्याच दिवसापासून भाकरी परत यायला लागल्या. पोरी रुसल्या, असं ललिताच्या मनाने घेतलं, आणि रुसल्या आहेत तर रुसू देत, असंही.

दुपारी ती अंगणात गेली तेव्हा फुलाय पिंपामागे उकिडवी बसली होती. आठ वर्षांची ती पोर, गवळ्याच्या म्हशीसाठी वाळत घातलेले भाकरीचे तुकडे कडाकडा चावत होती. बाईंना पाहून तिचं चावणं थांबलं. ललिताने एक तुकडा हातात घेतला. गेल्या आठवड्यातला असावा, लाकडासारखा टणक झालेला. रुसलेलं पोर ताजी भाकर टाकून असं काही लपून खाईल का? तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने फुलायचा हात धरला आणि सोनायला हाक मारली; हाक ऐकून चतुराबाईही बाहेर आली.

"काय झालं ते सांग. रागावणार नाही."

तेरा वर्षांची सोनाय पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. तोंडाशी आलेलं काहीतरी तिने दोनदा गिळलं.

"तुझ्या बोलीत सांग," ललिता म्हणाली.

सोनायने आधी तिच्याकडे, मग चतुराबाईकडे पाहिलं. आणि मग ती बोलायला लागली ती थांबेचना. सात महिन्यांत ललिताने तिचा इतका आवाज ऐकला नव्हता. अर्थ काही कळला नाही, पण हात बोलत होते: धान्याची मूठ, वाकलेला म्हातारा, जमिनीवर ठेवलेलं काहीतरी, आणि त्यानंतर तोंडाकडे गेलेला घास.

चतुराबाईने कपाळाला हात लावला.

"सोमवारी नवी ज्वारी काढली मी. मूर्तिजापूरचं पोतं. बाई, पोरी नवं खाऊन नाही राहिल्या. आमीबी देवाले दाखवल्याबिगर नवं कुठं खातो?"

"आजा देते," सोनाय तिला हळूच म्हणाली. "मेलेल्यायले. आधी त्यायले."

तर एवढंच होतं. घरी आजोबा नव्या दाण्याचा पहिला घास घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने ठेवत, मग बाकीचे जेवत. इथे आजोबा नव्हते. जुनी ज्वारी संपली आणि पोरी अडकल्या. सांगायचं तरी कुणाला आणि कसं, बोलायलाच बंदी होती.

"मंग तुमीच ठेवा घास," चतुराबाई म्हणाली. "वयानं मी मोठी हाव, पण घर तुमचं. दोन मिनिटांचं काम. शनिवारी साहेब येऊन राहिले."

सात वर्षांपूर्वी ललिताचे वडील डोमाजी नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आले, त्याच दिवशी त्यांनी कोनाड्यातले देव टोपलीत भरले आणि विहिरीत सोडले. श्राद्ध नाही, मेलेल्यांना घास नाही, ही प्रतिज्ञा घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हटली होती आणि तिने ती आजवर पाळली होती. पण तिला आता आठवत होते ते वडिलांचे हात. शेजारची कितीतरी माणसं तेव्हा अंगणात उभी होती, टोपलीला कुणाचा हात लागू दिला नव्हता त्यांनी. आपले देव आपणच काढले. दुसऱ्या कुणी येऊन ते काढून नेले असते, तर त्यांनी त्याचे हात मोडले असते. आणि ती स्वतः गेले सात महिने या पोरींच्या घरात काय करत होती?

"माझ्या हातून ते होणार नाही," ती म्हणाली. "आणि खोटंखोटं करून तुम्हांला फसवणारही नाही. पण सोनाय, तुमच्यात तू थोरली. तू ठेव."

सोनायचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. आजोबा काय म्हणतात ते तिला सगळं येत नव्हतं.

"कुणाला किती येतं?" ललिताने विचारलं. "ते लिहून काढलं तर चालेल का तुमच्यात?"

मुलींनी आपसांत बराच वेळ खल केला. मग सोनायने मान हलवली.

ललिताने फळा पुसला. एकीला सुरुवात येत होती, दुसरीला मधली, पूर्वजांना मारायची हाक. शेवट फुलायला तोंडपाठ होता, कारण ती दर वेळी आजोबाच्या मांडीवर बसायची. घशातल्या घशात तुटणारा एक आवाज कुठल्याच अक्षरात बसेना, तेव्हा ललिताने त्याच्यासाठी एक टिंब ठरवलं. ती वाचून दाखवी आणि सहाही जणी एकदम माना हलवत, नाही म्हणून. पुन्हा पुसायचं, पुन्हा लिहायचं. रागावायची बाईंची सवय त्या दोन दिवसांत कुठे गेली, ते चतुराबाईलाही कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सोनायने अंगणातल्या लिंबाखाली भाकरीचा तुकडा ठेवला आणि फळ्यावरच्या ओळी पाठ म्हटल्या. ललिता ओसरीवर उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत, पण आतही गेली नाही. रात्री चतुराबाईला पीठ दोनदा मळावं लागलं.

शनिवारी महादेवराव आले ते थेट फळ्यासमोर उभे राहिले. फुलायने तो कुणाला पुसू दिला नव्हता.

"ही कोणती भाषा? मी मराठी शिकवा म्हणालो होतो."

"कोरकू आहे साहेब."

"तुम्हांला येते? वाचा बरं."

ललिताने वाचायला सुरुवात केली. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत टिंबाशी ती अडखळली, आणि दारामागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काय गं, हसायला काय झालं?" महादेवरावांनी वळून विचारलं.

सहाही जणी खाली पाहायला लागल्या. ललिताला ही शांतता ओळखीची होती. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं. खोल्या रिकाम्या होतील, मुली एसटीत बसतील, आणि यातलं काहीच कुणाला कळणार नाही.

मग सोनाय पुढे झाली. तिने फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं चुकल्या," ती साहेबांना म्हणाली. आवाज बारीक होता, पण नजर वर होती. "रागावू नका त्यायच्यावर. त्यायले तीनच दिवस झाले. शिकून राहिल्या."

महादेवरावांनी काखेतली फाइल टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बसले.

"बरं," ते सोनायला म्हणाले, "मग पुन्हा म्हणून घे त्यांच्याकडून."

सोनायचं बोट पहिल्या ओळीवर गेलं.