पहिल्या पक्ष्याचे माप

मी एक साचा आहे. पुठ्ठ्याचा, पक्ष्याच्या आकाराचा. जन्मलो तेव्हा तळहाताहून थोडा मोठा होतो. आज तळहातावर ठेवले तर चहूबाजूंनी तळहात दिसतो. बोलण्याचे काम माझ्याकडे कधी आले नाही. बोलत ती माझ्यावरून कापलेली पाखरे, आणि तीही दूरच्या घरांत जाऊन. मी डब्यात पडून राही. परंतु आज मला एका पाकिटात ठेवले आहे. पाकिटाचे तोंड अजून चिकटवलेले नाही, तेवढ्या अवकाशात माझी हकिगत सांगून घेतो. थकलेल्याचे बोलणे जरा रेंगाळते, ते चालवून घ्यावे.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या दुकानातला. नकाशांच्या एका जाडजूड पुस्तकाला पुठ्ठा चढवल्यावर जो तुकडा उरला, तो मी. उरलेले तुकडे बांधणीकार चिकटवायची खळ ढवळायला घेत आणि संध्याकाळी टाकून देत. माझेही तसेच व्हायचे. पण त्या वर्षी बांधणीकारांच्या मुलाला दुसऱ्या शहरात पहिली नोकरी लागली होती, खोकी बनवण्याच्या कारखान्यात, आणि वर्षअखेरची सुट्टी त्याला मिळाली नाही.

बांधणीकारांना घरात बाबा म्हणत. मीही तेच म्हणतो. आई मुलांच्या लहानपणीच गेलेली. मुले दोन. थोरला तो दादा. धाकटीला दादाने नाव ठेवले होते खार, कारण कागदाचा कपटा दिसला की ती उचलून साठवी. खिशांत, वह्यांत, उशीच्या अभ्र्यातसुद्धा.

"तो येत नाही, तर आपणच काहीतरी पाठवू," बाबा म्हणाले.

"काय पाठवणार?" खार फुरंगटून बसली होती. "पाकिटात घालून सुट्टी पाठवणार?"

"हो, सुट्टीच पाठवू."

मग त्यांनी मला समोर घेतले. त्यांच्या मनात एक शुभेच्छापत्र होते, उघडले की आतून पक्षी उठून उभा राहील असे. पक्षी मधोमध दुमडायचा, त्याच्या पोटाखाली दोन जिभा ठेवायच्या, एक जीभ पत्राच्या डाव्या पानाला चिकटवायची, दुसरी उजव्या. जिभा रुंद हव्यात, नाहीतर पक्ष्याला भार पेलत नाही. बाबांनी दोनदा आखून खोडले. तिसऱ्यांदा आखले, कापले, आणि मी उरलो तो पक्षी होऊन. माझ्यावरून उमटलेले पहिले पाखरू खारीने आपल्या साठ्यातल्या निळ्या कपट्यांनी मढवले. ते टपालाने दादाकडे गेले. त्या वर्षी एवढे एकच पत्र झाले.

पुढच्या वर्षी आत्याने तोंड फुगवले. "भाचा तेवढा सख्खा, मी काय वाटेवरची?" म्हणून तिलाही एक. मग मावशीला, काकांना, बाबांच्या जुन्या मित्रांना. तीन-चार वर्षांत वीस घरे झाली. सुट्टीच्या आधीचे दोन रविवार घरातल्या जेवणाच्या मेजावर कागद, खळ, रंगांच्या बाटल्या, आणि मध्ये मी. दादालाही आता सुट्टी मिळू लागली होती. तो येई, खिडकीपाशी बसून पंख दुमडी आणि खारीला चिडवी. घरी येणाऱ्याला कसले पत्र? त्याच्यापाशी ते पहिलेच राहिले.

बाबांचे दोन नियम होते. पहिला असा की, आधी पेन्सिलीने आखायचे, साचा उचलून बाजूला ठेवायचा, आणि मगच सुरी हाती घ्यायची. घरात तिला सगळे कटर म्हणत. मी आपला सुरीच म्हणतो. दुसरा नियम असा की, ज्याचा पक्षी त्याचे नाव घेऊन कापायचा. "हा मावशीचा," असे म्हणायचे आणि सुरी टेकवायची. नाव न घेता कापलेला पक्षी बाबा जमेस धरत नसत. "हा कुणाचा? कुणाचाच नाही? मग ठेव तो डब्यात." अशी चौदा वर्षे गेली. पेन्सिलीचे टोक माझ्या कडेने हलकेच फिरून जाई. त्याने कोणी झिजत नाही.

चौदाव्या वर्षी बाबांचा हात थरथरू लागला. दादा येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तीन पक्षी बिघडवले. तिन्हींच्या माना वाकड्या कापल्या गेल्या. त्यांनी दाराकडे पाहिले, तीनही पक्षी चुरगळून कोटाच्या खिशात घातले आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "झालं आपलं आता." हे मी एकट्याने ऐकले.

दुसऱ्या दिवशी दादा त्यांच्याशेजारी बसला होता. बाबांचा हात पाहून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला डोळे फोडता? हात बघा कसा थरथरतोय. आमच्या कारखान्यातलं यंत्र तासाभरात शंभर पक्षी कापेल, एकसारखे."

तो हे मायेने म्हणाला. मी मेजावरच होतो, स्वर मला कळला. बाबांनी सुरीचे पाते आत सारले, ती कागदांवर ठेवली आणि खुर्ची मागे ओढून उठले. राहिलेले पक्षी खारीने कापले. पुढच्या सुट्टीपूर्वी बाबा गेले.

माणसे दुःखात कारण शोधतात, आणि जे जवळ बसलेले असेल तेच त्यांच्या हाती लागते. भेटायला आलेले नातेवाईक परतल्यावर, ह्याच मेजापाशी, खार दादाला म्हणाली, "तुझ्या यंत्राने बाबांचे हात कापले."

दादा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "असं म्हणतेस?" आणि चपला घालून निघून गेला. मला तीन वाकड्या मानांचे पक्षी ठाऊक होते. सांगायला मला तोंड नव्हते.

त्यानंतर आठ वर्षे दादा त्या घरी आला नाही, आणि खारीने बोलावले नाही.

पत्रे मात्र थांबली नाहीत. खार आता दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांच्या नोंदी करण्याचे काम करते. दिवसभर दुखऱ्या गालांची माणसे तिच्यापुढे ताटकळत असतात आणि वेळ लागला की तिच्यावरच खेकसतात. घरी येते ती पार शिणून. वीस पक्षी आखायचे, मग वीस कापायचे, एवढा धीर तिच्यात उरला नव्हता. पहिल्याच वर्षी तिने बाबांचा नियम मोडला. मला कागदावर दाबले आणि माझ्याच कडेने थेट सुरी फिरवली. काम निम्म्या वेळात झाले. प्रत्येक फेरीला सुरीने कागदाबरोबर माझेही एक सालपट काढले, केसाएवढे. ते तिला दिसले नाही. मला लागले.

दुसरा नियम तिने पाळला. नाव घेऊनच कापी. "हा आत्याचा. हा मावशीचा." वीस झाले की मात्र ती आणखी एक कागद ओढी. "आणि हा..." एवढे म्हणून थांबे. ओठ मिटून तो पक्षी कापी आणि न दुमडता, न रंगवता मेजाच्या खणात टाकी. दरवर्षी एक. बाबा असते तर त्यांनी विचारले असते, हा कुणाचा? आता विचारणारे कोणी नव्हते.

आठ वर्षांत दीडशेहून अधिक वेळा माझ्या कडेने सुरी फिरली. चोच आधी गेली, मग शेपटीची टोके. पोटाखालच्या जिभा तर बोटाएवढ्या होत्या, त्या काडीएवढ्या उरल्या. मी थकलो होतो. पुठ्ठ्याचे थकणे असे असते की, तो मोडत नाही, नुसता कमी होत जातो.

यंदा आत्या आली ती पिशवी घेऊनच. ऐंशीच्या घरातली बाई, पण जीभ तरणीताठी. तिने पिशवीतून आठ पत्रे काढली आणि मेजावर ओळीने उघडून ठेवली.

"बघ. माझा पक्षी वर्षागणिक वाळत चाललाय. उपाशी ठेवतेस काय गं त्याला? आणि गेल्या वर्षीचा तर बघ, उघडलं की तोंडावर पडतो."

खरोखरच शेवटचा पक्षी उठता उठता कलंडला. खारीने त्याला बोटाने उभे केले. तो पुन्हा पडला. तिने मला डब्यातून काढून उजेडात धरले. पहिल्यांदाच तिने मला असे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"मीच कापत आणला हा," ती म्हणाली. "आत्या, बाबांच्या वेळची कार्डं आहेत ना तुझ्याकडे? त्यावरून माप घेते."

"ती कुठे ठेवली मी? तुझा बाप होता तोवर वाटायचं, दरवर्षी येणारच की. तो गेल्यापासूनची जपली."

मावशीकडे नव्हती, काकांकडे नव्हती. मग खारीने अंदाजाने नवा साचा आखला. दोन संध्याकाळी खपली. पक्षी उभा राहिला खरा, पण आत्याने चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "ही कोंबडी कुणाला पाठवणार आहेस?"

खार हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मला नाही येत गं. बाबांचा पक्षी माझ्या हातून संपला. यंदा कार्डंच नकोत."

आत्या आपली आठ पत्रे एकेक करून मिटत होती. "पहिलं कार्ड कुणाकडे आहे ते तुला ठाऊक आहे."

"त्याने ठेवलं असेल कशावरून? आठ वर्षांत एक फोन नाही."

"तू केलास?"

खारीने माझ्या काडीएवढ्या जिभांवरून बोट फिरवले. मग कपट्यांच्या ढिगातून एक कोरा तुकडा घेतला. "मोजमापापुरतंच विचारते आहे हं."

"हो ना. मोजमापापुरतंच. मी कुठे काय म्हटलं?"

तिने लिहिले ते मी शेजारून वाचले. 'दादा, पहिलं कार्ड असेल तर त्यातल्या पक्ष्याचं माप कळव. माझा पक्षी उभा राहत नाही.' खाली स्वतःचे नाव लिहिले, ते खोडले, आणि 'खार' असे लिहिले.

पुढचे नऊ दिवस दवाखान्यातून आली की ती आधी टपालाची पेटी पाही. मग मला उचलून पुन्हा खाली ठेवी. दहाव्या दिवशी जाड पाकीट आले.

आत माप नव्हते. आत ते शुभेच्छापत्रच होते, बावीस वर्षांपूर्वीचे. निळे कपटे फिकटले होते. घडीवर तीन चिकटपट्ट्या होत्या, एक पिवळी पडून कडक झालेली, एक धुरकट आणि तिसरी अगदी नवी. एकदा उघडून ठेवून दिलेल्या पत्राची घडी अशी तीनदा फाटत नाही. खारीने ते उघडले. पक्षी उठला आणि उभा राहिला.

सोबत चिठ्ठी होती. खारीने ती आत्याला फोनवर वाचून दाखवली, म्हणून मलाही कळली. 'मोजून पाठवणार होतो, पण माझं माप नेहमी चुकतं असं बाबा म्हणायचे. म्हणून आख्खं कार्डच पाठवतोय. काम झालं की परत पाठव. माझ्याकडे हे एकच आहे. थेट कटर चालवलास ना? वाटलंच होतं मला.'

"माझ्याकडे हे एकच आहे," ही ओळ तिने दोनदा वाचली.

त्या रविवारी तिने नवा पुठ्ठा घेतला आणि पहिल्या पक्ष्यावरून नवा साचा आखला. माझ्यावरून नव्हे. मला वाईट वाटले नाही. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. मग तिने कागदावर पेन्सिल फिरवली, साचा उचलून बाजूला ठेवला आणि सुरी घेतली. वेळ दुप्पट लागला. सगळ्यांत आधी तिने ओढला तो एकविसावा कागद, जो एरवी शेवटी येई.

"हा दादाचा," ती म्हणाली, आणि सुरी टेकवली.

आता ह्या पाकिटात दादाचे ते जुने पत्र आहे, नवे पत्र आहे, आणि खणातले आठ पक्षी आहेत, मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचलेले. तिने त्यांवर काही लिहिलेले नाही. पत्रे टपालात वाकू नयेत म्हणून पाठीशी एक पुठ्ठा हवा होता. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांना पाठवले; आता स्वतः निघालो आहे, आधाराचा तुकडा म्हणून. खळ ढवळण्यापेक्षा हे बरे.

दादा, पाकीट उघडशील तेव्हा पुठ्ठा समजून मला टोपलीत टाकू नकोस. ते वाकड्या मानांचे तीन पक्षी आणि बाबांचे ते बोलणे मी तुला सांगू शकणार नाही. पण मला एकदा त्या पहिल्या पक्ष्यावर ठेवून पाहा. भोवताली जेवढी किनार उरेल, तेवढा मी ह्या आठ वर्षांत तिच्याजवळ झिजलो आहे.

आणि वाचणाऱ्या सज्जनांनो, तुमच्याही घरी कुणाच्या हातचा एखादा साचा असेल. कितीही थकला असाल तरी आधी पेन्सिलीने आखा. साचा उचला. नाव घ्या. मग सुरी टेकवा.

ती पाकिटाच्या कडेला खळ लावते आहे. खळीचा वास ओळखीचा आहे. माझे पहिले दिवस त्याच वासाचे होते. आता ती वर पत्ता लिहिते आहे, आणि लिहिताना त्याचे नाव तोंडाने घेते आहे.