फरशीखालच्या पन्न्या

शेजारच्या वीरेंद्रने पंचायतीत दिलेल्या तक्रारीचा कागद छोटेलालने ललिताबाईंना फाटकातच वाचायला दिला. छोटेलाल कुडव्यातल्या नाल्या उपसायचा. कागद त्याच्या हातात दुसऱ्याच कोणी तरी दिला होता, पण देताना शरम मात्र त्याला वाटत होती. शेजारच्या परसबागेतील खताच्या खड्ड्यामुळे असह्य दुर्गंधी येते, घरात वृद्ध आई आहे, तरी खड्डा बुजवण्यात यावा, असं त्यात लिहिलं होतं.

"माह्या खड्ड्याचा वास?" ललिताबाई म्हणाल्या. "चाल, तूच पाय."

त्यांनी त्याला घराला वळसा घालून मागे नेलं. खड्ड्यावरचं पोतं बाजूला केलं, मूठभर खत उचललं आणि त्याच्या नाकाशी धरलं. काळं, भुसभुशीत. छोटेलालने वास घेतला, मग अजून एकदा घेतला.

"इसमें तो मिट्टी की बास है, बाई."

"मंग?"

"मंग बास तर येऊनच राहिली ना कुठून तरी."

ती येत होती, हे खरं. आठवडाभरापासून येत होती. श्रावणातली झड लागली होती, दोन दिवस पाऊस आणि एक दिवस ऊन, आणि ऊन पडलं की मागच्या गल्लीतून असा काही भपकारा यायचा की ललिताबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. त्यांना वाटलं होतं, एखादी घूस मेली असेल.

ललिताबाई गजभिये एकतीस वर्षं सडक अर्जुनीकडच्या उपकेंद्रांत नर्स होत्या. चिघळलेल्या जखमा, कुजलेली बोटं, कंदिलाच्या उजेडात केलेली बाळंतपणं, सगळं त्यांनी या हातांनी केलं होतं आणि त्याच हातांनी घरी येऊन भाकर खाल्ली होती. किळस हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हताच. नवीन पोरी नाकाला पदर लावायच्या, तेव्हा त्या रागवायच्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि नवऱ्याने, रत्नपालरावांनी, कुडव्याला घर बांधलं. रत्नपालराव एसटीत कंडक्टर होते. मागच्या जागेत नुसता मुरूम होता, पहारसुद्धा उडायची. ललिताबाईंनी राइस मिलची राख आणली, शेणखत आणलं, दोन वर्षं पालापाचोळा कुजवला, तेव्हा कुठे त्या मुरमाची माती झाली. आता तिथे वांगी होती, भेंडी होती, बरबटीच्या शेंगांचा मांडव होता, सांबार म्हणजे कोथिंबीर होती, कोपऱ्यात पेरूचं झाड होतं. दोघांच्या पोटाला लागून लागून किती लागणार? मग त्या शेजारी द्यायच्या. सगळ्यात जास्त नंदाबाईला, कारण ती वीरेंद्रची बायको अगदी भिंतीला भिंत लागून राहायची, आणि ती घ्यायची फार गोड.

"काऊन जी ताई, कायले तरास करता?" असं म्हणत ती ओट्याखाली उभी राहून भाजीची प्लास्टिकची पन्नी हातात घ्यायची. ओट्याच्या वर कधी चढली नाही. समोरच्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर होती, ती ओट्यावरून दिसायची. ललिताबाईंना वाटायचं, बाई लाजरी आहे. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून ती आवर्जून सांगायची, "वांगे तर लोण्यावानी शिजले, ताई. आमच्या घरी सारे बोटं चाटत होते."

छोटेलाल आणि ललिताबाई मागच्या गल्लीत गेले. दोन्ही घरांच्या मागून एक अरुंद नाली जात होती आणि तिच्यावर नंदाबाईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दोन फरश्या टाकलेल्या होत्या. पाणी त्या फरशीपाशी तुंबलं होतं, वर हिरवट साय धरली होती. वीरेंद्र आवाज ऐकून बाहेर आला. मागोमाग नंदाबाई दारात येऊन उभी राहिली.

"नाली नाही, तो खड्डा पाय म्हटलं होतं," वीरेंद्र म्हणाला.

"खड्डा पाहिला जी. ही फरशी उचलून पाहतो."

छोटेलालने पहारीने फरशी उचलली. आणि तो मागे सरला. तो, ज्याचा जन्म नाल्या उपसण्यात गेला होता, तोंड फिरवून थुंकला.

फरशीखाली पन्न्या होत्या. एकावर एक, फुगलेल्या, काही फाटलेल्या. फाटलेल्यांतून काळा रस गळत होता आणि त्या रसात पांढऱ्या अळ्यांचा लपका वळवळत होता, भात उतू जावा तसा. छोटेलालने फावड्याने एक पन्नी ओढून काढली. आतली भाजी ओळखू येत नव्हती, नुसता लिबलिबीत गोळा. दुसरी काढली. तिच्यात वांगी होती, अजून वांगी म्हणता येतील अशी, जांभळ्या सालीची, आतून बसलेली.

ललिताबाईंची नजर वांग्यांवर नव्हती. पन्नीच्या तोंडाला पांढरी चिंधी बांधलेली होती. त्यांच्या जुन्या गणवेशाच्या साडीची चिंधी. वेल बांधायला त्या ती फाडून ठेवायच्या आणि देण्याच्या पन्न्याही तिनेच बांधायच्या, नाळ बांधतात तशी दुहेरी गाठ मारून. त्या गुडघ्यावर बसल्या. तिसरी पन्नी, चौथी, सातवी. प्रत्येकीवर तीच चिंधी. एकाही पन्नीची गाठ सुटलेली नव्हती.

दारापुढून घंटागाडी जायची तेव्हा ललिताबाई स्वतः तिथे उभ्या असायच्या. म्हणून पुढून टाकता येत नव्हतं. म्हणून खिडकीतून मागे नालीत, आणि पावसाच्या पाण्याने त्या फरशीखाली जाऊन साचलेल्या.

"हे काय होय, नंदाबाई?"

"मले काय मालूम जी, ताई. कोण टाकते काय मालूम."

"गाठ माही आहे."

नंदाबाईने पदर नाकाला लावला होता. तो तिने तसाच ठेवला. वीरेंद्र बायकोकडे पाहत होता आणि त्याला खरंच माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"सासूबाईले नाही चालत," शेवटी ती पदराआडून बोलली. "त्या म्हणतात, त्यायच्या घरचं आपल्या चुलीवर नाही चढलं पाहिजे. मी काय करू, सांगा?"

"मंग घेत कायले होती?"

"नाही म्हटलं असतं तर तुमाले वाईट वाटलं असतं."

मांडवावरून पाणी टपकत होतं. मग वीरेंद्रने घसा खाकरला. "जाऊ द्या, नर्सबाई. आई जुन्या वळणाची आहे. झालं ते झालं. छोटेलाल, भर अन् नेऊन टाक दूर." आणि तक्रारीचा कागद आठवून तो पुढे म्हणाला, "तसं पायलं तर वास तुमच्याच भाजीचा होता ना."

ललिताबाई उठल्या. फाटकातून आत येईपर्यंत त्या नीट चालल्या. बरबटीच्या मांडवाशी पोचल्या आणि कमरेतून वाकून भडाभडा ओकल्या.

रत्नपालराव तांब्या घेऊन धावले. नळाखाली ललिताबाईंनी तीनदा साबण लावून हात धुतले, पण वास जाईना. हाताला लागला नव्हताच तो, तरी येत होता. दुपारी रत्नपालरावांनी वाढलेलं ताट त्यांनी परत केलं.

"मी सांगतलंच होतं, त्यायले देत नको जाऊ," ते म्हणाले.

"तुमी नोतं सांगतलं."

"मनात म्हटलं होतं."

त्या हसल्या नाहीत. अळ्या त्यांनी याहून वाईट पाहिल्या होत्या, जिवंत माणसाच्या पायात पाहिल्या होत्या आणि चिमट्याने वेचून काढल्या होत्या. ओकारी आली होती ती दुसऱ्याच गोष्टीने. दोन वर्षं त्या सकाळी झाडांत फिरायच्या, तेव्हा वांगी दोन ठिकाणी वेगळी करायच्या. चकचकीत, बिनछिद्राची एका बाजूला, नंदाबाईसाठी. कीड लागलेली दुसऱ्या बाजूला, ती अर्धी कापून टाकून घरी शिजायची. दिलेली भाजी त्या दोनदा धुवायच्या. कोणी नाव ठेवू नये म्हणून पन्नीही नवी घ्यायच्या. हे सगळं कशासाठी चाललं होतं? भिंतीवरून ऐकलेल्या त्या एका गोड वाक्यासाठी. नवऱ्याला किडकी वांगी खाऊ घालून त्यांनी नालीला चांगली खाऊ घातली होती. हा विचार आला की तोंडात पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

पुढच्या सोमवारी सकाळी नंदाबाई आली. हातात मिठाईचा डबा होता. आज ती ओटा चढून वर आली, पण उंबरठ्याच्या बाहेरच थांबली.

"ताई, कॉलनीत सारे बोलून राहिले. छोटेलालनं सांगतलं सबन. भजनाले गेली तर बाया गप्प होतात. तुमी त्यायले सांगा ना, का मिटलं म्हणून."

ललिताबाईंनी डबा उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि तिच्यासमोर खाल्ला. पेढा चांगला होता. मग त्या मागे गेल्या, झाडाचा एक पिकलेला पेरू तोडला, धुतला आणि तिच्यापुढे धरला.

"घ्या. खा."

"आज सोमवार ना जी ताई. उपास आहे."

"जाम उपासाले चालते." ललिताबाईंनी पेरू पुढेच धरून ठेवला.

नंदाबाईने पेरू घेतला आणि पदरात धरला. "घरी जाऊन खाते."

"येथंच खा. मंग मी सांगते साऱ्याइले."

नंदाबाईने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे सासूच्या खोकल्याचा आवाज आला. तिने पेरूला दात लावले, टोकाला, अगदी थोडंसं. घास तोंडात गेला आणि तिचे ओठ मिटले, पण जबडा हलेना. तिने डोळे मिटले. गळा वर झाला, खाली झाला. कपाळाला घाम आला होता. नुकताच धुतलेला, वासानेच तोंडाला पाणी सुटेल असा पेरू, आणि ती बाई तो अशी गिळत होती जशी फरशीखालची पन्नी कोणी तिच्या तोंडात कोंबली असावी.

ललिताबाईंना वाटलं होतं की हे पाहून बरं वाटेल. बरं वाटलं नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "ठेवा थो खाली. तुमचं तोंड पाहून मलेच ओकारी येऊन राहिली."

"खाल्ला ना जी मी..."

"जा, नंदाबाई."

डबा त्यांनी तिच्या हातात परत दिला. उष्टा पेरू ओट्यावर राहिला. तो त्यांनी हाताने उचलला नाही, खराट्याने ढकलून खाली पाडला आणि मग खूप वेळ ओटा धूत बसल्या. धुता धुता लक्षात आलं, आपण नेमकं काय करतो आहोत. त्यांनी पाण्याची बादली तिथेच ठेवली आणि आत जाऊन पंख्याखाली बसल्या.

पोळ्यानंतर वीरेंद्रने भिंत दोन फूट वाढवून घेतली. वांग्यांवर दिवसभर सावली पडू लागली, फुलं गळू लागली. ललिताबाईंनी ती झाडं उपटून काढली आणि तिथे अळू लावलं. वांगी त्यांनी समोरच्या बाजूला, फाटकाजवळ नव्याने लावली आणि शेजारी सांबारही पेरला. कॉलनीत त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. आता पहिली तोड घरीच शिजत होती, रत्नपालराव मिटक्या मारत खात होते, आणि त्या त्यांना वाढून झालं की स्वतःसाठी वरण-भात घ्यायच्या.

दिवाळीच्या आधी समोरच्या घरात नवीन भाडेकरू आले. त्यांची सून खुशबू एका संध्याकाळी फाटकाशी आली. हसरी होती. तिने सरळ आत हात घालून सांबाराकडे बोट दाखवलं.

"आंटी, थोडा सांबार मिलेगा क्या? चटणीले पायजे होता."

ललिताबाईंनी चांगली मोठी जुडी खुडली. देताना हात थांबला.

"खाता ना तुमी लोक?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरचं?"

पोरगी गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला प्रश्नच कळला नव्हता. आणि ललिताबाईंना स्वतःच्याच तोंडाची अशी शिसारी आली, की पोरीने पुढे काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांनी जुडी तिच्या हातात कोंबली, मागे वळल्या आणि दार लावून घेतलं.